बिनभुकेची वेळ

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि सरळ सांगितलं, "किडनी तुमची उत्तम आहे. भावाशी जुळतेही आहे. पण आत्ता मी ती घेणार नाही."

संध्याने कारण विचारलं नाही. रक्तातल्या साखरेचा आकडा तिने बाहेरच्या बाकावर बसून आधीच वाचला होता. मधुमेह नव्हता, पण ती त्याच्या उंबरठ्यावर उभी होती. वजनाने तर तो उंबरठा केव्हाच ओलांडला होता. एक किडनी दिल्यावर उरलेली एक तुम्हाला जन्मभर पुरली पाहिजे, डॉक्टर म्हणाल्या, आणि अशा साखरेच्या भरवशावर मी तसं करू शकत नाही. पावसाळा लागायच्या सुमारास परत या, पुन्हा तपासू. तोवर भावाचं डायलिसिस चालू राहील.

संध्या उठायला लागली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ताण आला की खाता का. ती हो म्हणाली. "मग आहाराचं तुम्हाला मी काय सांगू," डॉक्टर म्हणाल्या. "विज्ञानाच्या बाई आहात. ताणाचं काय करता येईल ते बघा."

अनुप तिचा धाकटा भाऊ. अकोल्याला एसटीच्या कार्यशाळेत वीजतंत्री. रक्तदाब वर्षानुवर्षं आत वाढत राहिला, कुणाला कळला नाही, आणि कळला तेव्हा दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. आई भागीरथाबाईंचं वय झालेलं, बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. राहिली संध्या. तिने विचार करायला वेळ मागितला नव्हता, आणि आता तीच कमी पडत होती.

परतीच्या गाडीत तिने आणि नितेशने ठरवलं की अकोल्याला साखरेचं काही बोलायचं नाही. काही तपासण्या बाकी आहेत एवढंच सांगायचं. आई घाबरेल, आणि अनुप तर म्हणेल की राहू दे ताई, तुझ्या जिवाशी खेळ नको. नितेश तिचा नवरा, बँकेत होता आणि कुठलीही गोष्ट वाढू न देण्यावर त्याचा विश्वास होता.

संध्या अमरावतीला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. शेतकऱ्याच्या हाती जाणारं बी उगवतं की नाही, ते पेरणीआधी पाहायचं. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची, ठरल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. चांगले कोंब एकीकडे, वेडेवाकडे एकीकडे. उन्हाळा चढत जाई तसे नमुन्यांचे ढीग चढत, आणि ढिगांपाठोपाठ फोन येत. अहवाल कधी, अहवाल कधी. बी आपल्या वेळेनेच उगवतं, हे ती त्यांना दर वर्षी त्याच सुरात सांगे. दिवसभरात तिचा आवाज चढत नसे. त्याबद्दल कार्यालयात तिचं कौतुक होतं.

तो न चढलेला आवाज घेऊन ती संध्याकाळी घरी येई. आचल, त्यांची मुलगी, पुण्याला शिकत होती. नितेश उशिरा येई. चप्पल काढली की संध्याचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळत. दिवासुद्धा न लावता ती डब्याचं झाकण काढी. शेव, चिवडा, शंकरपाळे. काहीच नसलं तर शेंगदाणे आणि गूळ. उभ्याउभ्या. भूक नसे, दुपारचा डबा तिने नीट खाल्लेला असे. चवही फारशी लागत नसे. हात डब्यातून तोंडाकडे आणि तोंडाकडून डब्याकडे जात राही, आणि तेवढा वेळ डोक्यातली घरघर थांबे. डब्याचा तळ लागला की ती परत सुरू होई.

ताणावर लोक जे उपाय सांगतात ते तिने शिस्तीने करून पाहिले. मालटेकडीवर फिरायला गेली. चढताना बरं वाटलं, पण उतरल्यावर रस्त्याच्या कडेला गिल्या वड्याची गाडी होती आणि दही घातलेली ती बशी हातात कशी आली हे तिला आठवत नव्हतं. मग तिने मोबाइलमध्ये श्वासाचा कार्यक्रम घेतला. डोळे मिटा, श्वास आत घेताना मोजा, सोडताना मोजा. दिवसभर मोजणाऱ्या बाईला हा विसावा कुठला. मिटल्या डोळ्यांपुढे पांढरे कोंब दिसायला लागले, आणि आपण श्वासांचीही चांगले आणि वेडेवाकडे अशी विभागणी करतो आहोत, हे लक्षात आल्यावर तिने ते बंद केलं.

अशात अकोल्याहून खाऊ यायला लागला.

भागीरथाबाईंचा हिशेब साधा होता. पोरीच्या अंगातून एक अवयव जाणार, तर अंग आधी भरलं पाहिजे. बाळंतिणीला जे देतात तेच द्यायचं, फक्त आधीपासून. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, तुपातल्या शेवया. अनुपचे एसटीतले मित्र अमरावतीच्या गाडीवर असले की डबा त्यांच्या हाती येई, आणि कंडक्टर फोन करून सांगे की ताई, डेपोत येऊन जा, मावशीनं काहीतरी भल्लं जड देलं. धामणगावचे भगवंतकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांनी गावरान तुपाची बरणी पाठवली. प्रत्येक डबा संध्या उघडून पाही. लाडूत तिला डिंक दिसत नसे, साखर आणि तूप दिसे, आणि पावसाळ्याची तारीख. मग घरघर वाढे. मग ती लाडू खाई.

एका दुपारी भगवंतकाका स्वतःच आले. अमरावतीला त्यांचं काही काम होतं, आधी अकोल्याला वहिनीकडे जाऊन तिचा डबा घेऊन आले होते. चहा झाल्यावर त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "माह्या समोर एक खा. वहिनीनं बजावलं हाये, डोळ्यानं पाहून ये म्हणून."

त्या दिवशी सकाळीच तिने वजन केलं होतं. ते वाढलं होतं.

"नोको काका," ती म्हणाली. "अन् आईले सांगा, आता पुन्हा पाठवू नोको म्हणा. मले हे नाही पाह्यजे."

काकांनी डब्याचं झाकण लावलं, डबा तिथेच ठेवला, आणि बस चुकेल म्हणून लवकर निघून गेले. बसला अजून बराच वेळ होता.

संध्याच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आईचा रोजचा फोन बंद झाल्यावर. मग प्रतीक्षाचा, अनुपच्या बायकोचा, फोन आला. एरवी नणंदेची थट्टा केल्याशिवाय फोन न ठेवणारी प्रतीक्षा साहेबांशी बोलावं तशी बोलली. तब्येत बरी आहे ना ताई. कुठलंही ओझं घेऊ नका. तुमच्या मनात जे असेल ते आम्हाला मान्य आहे, ह्यांनाही मान्य आहे.

फोन ठेवल्यावर संध्याला अर्थ लागला. ताकदीचा लाडू कशासाठी होता, तर किडनी देण्यासाठी. तो नाकारणारी बाई किडनी द्यायलाही नाकारत होती. भगवंतकाकांनी तोच निरोप नेला होता आणि अकोल्यातल्या घराने तो तसाच ऐकला होता.

नितेशला सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि नंतर हसायचा थांबला. त्या संध्याकाळी संध्याने काकांनी ठेवलेला डबा रिकामा केला.

रविवारी ती बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेली. दार आईने उघडलं. पाणी दिलं, पंख्याखाली बसायला सांगितलं. जेवली का, असं विचारलं नाही. संध्याच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं, आणि ती प्रवासात ठरवलेली सगळी वाक्यं विसरली.

मधल्या खोलीत कूलरसमोर अनुप बसला होता. चेहरा सुजलेला, रंग उतरलेला, बोलण्यात मात्र तोच मिस्कीलपणा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली त्याच्या भजन मंडळाचा फोटो. संध्याने प्रतीक्षालाही बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. साखर, वजन, डॉक्टर काय म्हणाल्या, आपण ते का लपवलं. संध्याकाळी दिवा न लावता डबा उघडते, तेही सांगितलं. ते सांगताना तिने जमिनीकडे पाहिलं.

मग आई बोलली.

"मंग हे आधी सांगाले काय झालं होतं वं तुले? मी अथी रोज लाडू वळून राहिली, अन् तथी तुयी साखर वाढून राहिली."

"तुले वाटलं मी फिरली."

"फिरली असती तरी मी काय बोलणार होती?" आईने पदराने तोंड पुसलं. "एका लेकराचं काढून दुसऱ्याले दे, असं म्हणाले तोंड हाये का मले? तुले मी एकदा तरी म्हटलं का, दे म्हणून? नाही म्हटलं. बोलता येत नव्हतं म्हणून लाडू करत होती."

संध्या उठून आईजवळ जाऊन बसली. प्रतीक्षा चहा ठेवायला गेली, आणि तिकडून तिने विचारलं की ताईच्या चहात साखर घालू का सोक्षमोक्ष लागेपर्यंत थांबू. तेव्हा अनुप हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

चहा झाल्यावर आई आत गेली आणि अनुपने संध्याला जवळ बोलावलं. त्याच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर, शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली होती. डायलिसिसच्या सुया तिथे टोचत. त्याने तिचं बोट तिथे ठेवलं. कातडीखाली बारीक, न थांबणारी थरथर होती.

"हे चालू हाये तोवर मी चालू," तो म्हणाला. "म्हणून या हाताले धक्का द्यायचा नाही. वजन उचलायचं नाही. खंजिरी तं नाहीच."

खंजिरी तो शाळेत असल्यापासून वाजवत आला होता. वॉर्डातल्या विहारात संध्याकाळी भजन मंडळ बसायचं, गावोगावच्या स्पर्धांना जायचं. डाव्या हातात धरायची, उजव्याने वाजवायची, पण वाजते ती दोन्ही हातांनी. हातातली शीर जोडल्यापासून ती खुंटीला टांगलेली होती.

मग त्याने तिला तहानेबद्दल सांगितलं. त्याला दिवसाला पाणी मोजून मिळे, लहान बाटलीभर. अकोल्याचा उन्हाळा, आणि लहान बाटली. पण दुपार कशीही जाते, तो म्हणाला. कठीण जाते ती संध्याकाळ, मंडळाची वेळ. तेव्हा घसा कोरडा नसतो, तरी पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. बरेच दिवस त्याला ती तहानच वाटली. मग एकदा मंडळातला बुधाजी भेटायला आला, दोघं जुन्या स्पर्धांबद्दल बोलत बसले, आणि तो गेल्यावर अनुपच्या लक्षात आलं की बाटलीला हातच लावला नाही.

"तहान नव्हती ताई. हात रिकामे होते. तुयंही तसंच दिसते."

त्याने प्रतीक्षाला खंजिरी काढायला सांगितली आणि संध्याच्या मांडीवर ठेवली. संध्या म्हणाली की मले यातलं काय येते.

"येत नाही म्हणूनच तं देऊन राहिलो. येत असती तं वाजवता वाजवता खाल्लं असतं तू. घरी गेली का फोन लाव. तू वाजव, मी ऐकतो. तेवढाच मंडळात बसल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून आल्यावर तिने स्वयंपाकघराऐवजी बाहेरच्या खोलीत दिवा लावला, फोन स्टुलावर टेकवला आणि खंजिरी हातात घेतली. लाकडी कड्याच्या खाचेत डावा अंगठा अडकवायचा, चार बोटं आतून कातडीला टेकवायची, उजव्या बोटांनी वरून थाप द्यायची. पितळी चकत्या आपोआप वाजतात, असं अनुप म्हणाला होता. त्या वाजल्या, आणि नंतरही वाजतच राहिल्या, जसं कुणी भांड्यांचं फडताळ पाडलं असावं. वरच्या मजल्यावरच्या माणिकबाई जिन्यात येऊन विचारून गेल्या की भंगारवाला आला का.

अनुप कडक मास्तर निघाला. थांब. परत. मनगट सैल सोड. परत. संध्या प्रत्येक थाप मनात मोजत होती आणि प्रत्येक चौथी थाप उशिरा येत होती.

"तू बिया मोजून राहिली का?" तो फोनवरून म्हणाला. "मोजू नोको. कानानं धर."

कानाने धरायचं म्हणजे काय, हे तिला पहिले कितीतरी दिवस कळलं नाही. बोटांची टोकं लाल झाली. डाव्या खांद्यात कळ यायला लागली. पण ती वेळ जात होती. थाप चुकत असताना अहवालाचा विचार येत नव्हता, डायलिसिसचाही येत नव्हता, कारण त्यासाठी डोक्यात जागाच उरत नव्हती. हे असं का होतं, याचं स्पष्टीकरण तिला देता आलं असतं. एकाच वेळी दोन गोष्टींकडे पूर्ण लक्ष देणं मेंदूला जमत नाही. ते तिला आधीही माहीत होतं. नुसतं माहीत असून डबा बंद होत नव्हता.

एका संध्याकाळी अनुपच्या मागून आईचा आवाज आला. असं कोरडं कोरडं काय शिकवतं तिले, गाण्याबिगर खंजिरी कुठं असते का. सरक, मले म्हणू दे. आणि भागीरथाबाई गायला लागल्या. त्यांच्या आईकडून आलेलं, कापसाच्या निंदणीत बायांनी म्हणायचं आणि नंतर विहारात म्हटलं गेलेलं गाणं. आवाज थकलेला होता, पण चाल पक्की होती. संध्याने ते लहानपणी इतकं ऐकलं होतं की पुढची ओळ कुठे पडणार हे तिच्या हाताला आधी कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा न मोजता वाजवत गेली, आणि गाणं संपलं तेव्हा तिकडे कुणी चुका काढल्या नाहीत.

तेव्हापासून रोज तिघं. आईने लाडू बंद केले होते. पूर्वी ती त्याच वेळी लाडू वळायला बसायची, हे प्रतीक्षाने नंतर सांगितलं. चारनंतर सासूबाईंना घरात नुसतं बसवत नाही, ताई, म्हणून परात काढायच्या. आता परात निघत नव्हती. गाणं ठरवायचं असे.

रोज जमत होतं असं नाही. मे महिन्याच्या अखेरीस प्रयोगशाळेत नमुन्यांचा पूर आला आणि एक दिवस संध्या अंधार पडेपर्यंत तिथेच अडकली. फोन केला नाही. एका दिवसाचं काय, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतीक्षाचा फोन आला की डायलिसिस चालू असताना ह्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला होता, पाय वर करून झोपवलं, सलाईन दिलं, आता बरं आहे. पण आज संध्याकाळी फोन नका करू, झोपू द्या.

संध्या घरी आली. खंजिरी खुर्चीवर होती. तिच्याकडे न पाहता ती स्वयंपाकघरात गेली आणि नितेशने आणलेला फरसाणचा पुडा उभ्याउभ्या संपवला. मग ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा तिने पहिलं त्या पुड्याचंच सांगितलं. अनुप थोडा ओशाळून हसला.

"माहं आधी झालं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुया फोन आला नाही ना, तं मी माठापाशी गेलो. प्रतीक्षा दुकानात होती. किती प्यालो ते नाही सांगत. अंगात पाणी जास्त झालं, मशीननं ते ओढलं, म्हणून रक्तदाब पडला. डॉक्टरनं भल्लं झापलं मले."

इतके दिवस ती समजत होती की फोन आपल्यासाठी आहे. आजारी भाऊ आपल्यावर वेळ खर्च करतो आहे, याचा तिला संकोचही वाटत होता. ती वेळ त्याच्या पाण्याचीही होती, हे तो कधी बोलला नव्हता.

"मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू ओझं घेतलं असतं. मंग ओझ्यानं खाल्लं असतं. जाऊ दे. वाजव."

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना जाऊन सांगितलं की हंगाम संपेपर्यंत सकाळी लवकर येईन, पण संध्याकाळी वेळेवर निघेन. कारण विचारलं तेव्हा घरी आजारपण आहे एवढं म्हणाली. ते खरंच होतं. वरिष्ठ एका वाक्यात हो म्हणाले. इतकी वर्षं न मागितलेली गोष्ट इतक्या सहज मिळाली याचं तिला घरी येईपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

नागपूरला पुन्हा तपासणी झाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरण्या उरकल्या होत्या. साखर उंबरठ्यावरून मागे आली होती. वजन डॉक्टरांना हवं होतं तेवढं नव्हतं, पण त्या म्हणाल्या की एवढं चालेल, आणि असंच चालू ठेवलंत तर पुढेही चालेल. काय केलंत, असं त्यांनी विचारलं. संध्याने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की खंजिरी मी कुणाला लिहून देऊ शकत नाही, पण हातांना अवघड काम द्या, आणि ते कुणाच्या तरी सोबतीने करा, एवढं पुढच्या पेशंटला नक्की सांगीन.

आता एकच गोष्ट राहिली होती. अवयव देणाऱ्याला रुग्णालयातल्या समितीपुढे बसावं लागतं. कुणी जबरदस्तीने किंवा मोबदल्यासाठी देत नाही ना, हे ते समोरासमोर विचारून पाहतात, आणि ते सगळं कॅमेऱ्यात घेतात. नितेशने तिला तीनतीनदा बजावलं होतं. सरळ हो किंवा नाही म्हण. तुझी ती विचार करून बोलायची सवय आज घरी ठेव.

टेबलामागे वयस्कर डॉक्टर होते, शेजारी समाजसेविका. नाव, नातं, शिक्षण. ऑपरेशनमधले धोके समजले का. हो. कुणाची सक्ती आहे का. नाही. नवऱ्याची संमती आहे का. हो.

"या बदल्यात तुम्हाला काही मिळालं आहे, किंवा मिळणार आहे का?"

संध्या थांबली.

नाही म्हणायला तिची जीभ वळली होती, आणि नेमक्या त्या क्षणी तिला वाटलं की हे बरोबर नाही. समाजसेविकेने लिहिणं थांबवून वर पाहिलं. वयस्कर डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले की बाई, प्रश्न कळला ना.

"कळला," ती म्हणाली. "पैसा नाही, जमीन नाही, वस्तू नाही. तसलं काही मिळालं नाही आणि मिळणार नाही. पण काहीच मिळालं नाही असं मी म्हटलं तर ते चूक होईल. माझी साखर वाढलेली होती. तुम्ही मला परत पाठवलं होतं. माझ्या भावाने स्वतः आजारी असताना रोज मला शिकवलं म्हणून मी आज इथे बसू शकले. मी त्याला जे देणार आहे ते अजून द्यायचंय. त्याचं देऊन झालंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, याला मोबदला म्हणत नाहीत," ते म्हणाले. "मी इथे 'नाही' लिहितो. चालेल?"

ती म्हणाली चालेल.

बाहेर व्हरांड्यात आई आणि प्रतीक्षा बाकावर बसल्या होत्या. नितेश उभा होता आणि तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होता. तिच्यानंतर अनुपला आत बोलावलं आणि तो लवकरच बाहेरही आला. तारीख मिळाली होती. पुढच्या आठवड्यातली. आईने ती तारीख दोनदा वदवून घेतली आणि मग काही न बोलता पिशवी उघडली.

प्रतीक्षाने डबे आणले होते. अनुपचा वेगळा, त्याच्या पथ्याचा. बाकीच्यांना ज्वारीची भाकर, दोडक्याची भाजी, तिळाची चटणी. आत काय विचारलं, असं अनुपने विचारलं तेव्हा संध्याने सांगितलं, आपण काय उत्तर दिलं तेही. नितेशने कपाळाला हात लावला. अनुप आपल्या डब्यात पाहत राहिला.

"नाही म्हणून मोकळी झाली असती तं काय बिघडलं असतं?" तो थोड्या वेळाने म्हणाला.

"खोटं झालं असतं."

"लय हुशार," तो म्हणाला, आणि आपल्या पथ्याच्या पोळीचा तुकडा मोडला.

आईने भाकर पुढे केली, आणि तिचा हात मध्येच थांबला. उन्हाळ्यापासून ती लेकीला वाढताना अशी थांबत असे.

"भूक हाये का वं?" तिने विचारलं. "नसन तं राहू दे."

सगळे सकाळी लवकर निघाले होते, आता दुपार उलटत आली होती. संध्याला पोटात ओढ जाणवत होती, साधी, स्वच्छ, पोटातलीच.

"हाये आई," ती म्हणाली. "भल्ली लागली."

भागीरथाबाईंनी अख्खी भाकर तिच्या हातावर ठेवली, वर भाजी आणि चटणी घातली, आणि ती खात असताना तिच्याकडे बघत बसल्या. चटणीतले तीळ जरा जास्त भाजले गेले होते. संध्याला ते चवीवरून कळलं, आणि ते तिने प्रतीक्षाला सांगितलंही.